सातबारा, सीईटी आणि दहा गायी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

निकालाचा हंगाम आला की या सदराच्या टपालात फवारणी आणि खतांचे प्रश्न मागे पडतात आणि "पोरांनी पुढे काय करावे" हा एकच विषय उरतो. यंदा आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना सविस्तर उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलीने बारावी विज्ञान शाखेतून परीक्षा दिली आहे, सीईटीही दिली. आमची चार एकर शेती, सातबारा माझ्या वडिलांच्या नावावर. तिला बीएस्सी ॲग्रीला घालायचे आहे. खासगी कॉलेज मिळाले तर घ्यावे का? (एक पालक, जि. बुलडाणा)

कॉलेजचे नंतर बघू, आधी कागद. कृषी पदवीच्या प्रवेशात शेतकरी कुटुंबातल्या मुलांना वाढीव गुण मिळतात आणि ते सातबाऱ्यावर मिळतात. तुमचा सातबारा आजोबांच्या नावावर आहे. माहितीपुस्तिकेत कोणाकोणाच्या नावाचा उतारा ग्राह्य धरतात आणि नात्याचा कोणता पुरावा लागतो, तो परिच्छेद आजच वाचा. आजोबा हयात नसतील आणि वारस नोंद राहिली असेल, तर तलाठ्याकडे अर्ज लगेच द्या. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर व्हायला नोटिशीची मुदत जावी लागते, आणि प्रवेशफेरी तुमच्यासाठी थांबत नाही.

आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र हा सगळ्यात वेळखाऊ कागद. नॉन क्रीमी लेयर कोणत्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे ते बघा. जुने प्रमाणपत्र जोडल्यामुळे जागा हातची गेली, असे दरवर्षी होते. नॉन क्रीमी लेयर ठरवताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न मिळकतीत धरत नाहीत, हे बऱ्याच शेतकऱ्यांना ठाऊक नसते आणि ते अर्जच करत नाहीत. ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मात्र शेतीचे उत्पन्न धरतात. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला तर कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असली की प्रमाणपत्र मिळत नाही. तुमची चार एकर आहे, त्यामुळे ती अट आड येणार नाही.

आता कॉलेज. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांखालीच सरकारी आणि खासगी दोन्ही महाविद्यालये चालतात. अभ्यासक्रम तोच, पदवी विद्यापीठाचीच. फरक पडतो तो शेत, प्रयोगशाळा आणि शिक्षकांमुळे. प्रवेशाआधी एकदा तिथे जाऊन या. कॉलेजच्या शेतावर आज कोणते पीक उभे आहे आणि त्यातली कोणती कामे विद्यार्थी करतात, एवढे विचारा. उत्तर देताना कोणी चाचरले तर ते कॉलेज यादीत खाली टाका. देणगी देऊन प्रवेश घेऊ नका. त्या पैशात चार वर्षांचा वसतिगृहाचा खर्च निघतो.

महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजना सोडू नका. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झालेला असावा लागतो. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर ही माफी मिळत नाही. तुम्ही अल्पभूधारकात बसता, त्यामुळे तहसीलचा तसा दाखला काढून डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठीही अर्ज करा.

आणि मुलीशी एकदा मोकळेपणाने बोला. चार वर्षांनी बँकेची कृषी अधिकारी परीक्षा, एमपीएससीची कृषी सेवा, बियाणे किंवा औषध कंपनीतले फिरतीचे काम आणि पुढे एमएस्सी, या वाटा ठळक आहेत. यातल्या कशातच तिचे मन नसेल, तर त्याच सीईटीवर अन्नतंत्रज्ञान, उद्यानविद्या, वनशास्त्र, मत्स्यविज्ञान असे पदवी अभ्यासक्रम आहेत. पसंतीक्रमात ते भरायचे राहून जातात.

प्रश्न : वय २४. चाकणला कंत्राटी कामगार आहे, हातात अठरा हजार येतात, त्यातले सात-आठ हजार उरतात. गावी तीन एकर बागायत आहे. नोकरी सोडून दहा गायींचा गोठा टाकावा का? (जि. अहिल्यानगर)

दहा गायी म्हणजे दहा दुभत्या गायी नव्हेत. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. गाय साधारण ३०५ दिवस दूध देते आणि पुढच्या विण्याआधी ६० दिवस आटवावी, म्हणजे तिचे दूध बंद करावे लागते. वेळेवर गाभण राहिली तर दोन वेतांत तेरा महिन्यांचे अंतर पडते. माज दर २१ दिवसांनी येतो. दोन-तीन माज हुकले की अंतर पंधरा महिन्यांवर जाते आणि मधले दोन महिने गाय नुसती खाते. म्हणून दहांपैकी सात गायी दुधात धरून चाला.

संकरित होल्स्टीन गाय विल्यावर पंधरा-अठरा लिटरवर जाते आणि विकणारा तोच आकडा सांगतो. पूर्ण वेताची सरासरी मात्र अकरा लिटर धरा. सात गायींचे रोजचे ७७ लिटर झाले. आता खुराक, म्हणजे पोत्यातले पशुखाद्य : शरीरपोषणाला दीड किलो आणि दर लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हणजे अकरा लिटरच्या गायीला सुमारे सहा किलो. सात गायींचे ४२ आणि भाकड-गाभण तिघींचे सहा मिळून ४८ किलो होतात. म्हणजे रोज पन्नास किलोचे एक पोते. समजा पोते १,६०० रुपयांना आणि दुधाला ३२ रुपये दर आहे. दुधाचे बिल २,४६४, पोते वजा जाता उरले ८६४. चारा, रेतन, डॉक्टर, विमा, वीज, कर्जाचा हप्ता आणि तुमची दोघातिघांची मजुरी त्यातूनच निघायची आहे. फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) ८.५ च्या खाली गेले की दर आणखी कापला जातो. आमच्या आकड्यांच्या जागी तुमच्या संकलन केंद्राचा आणि दुकानाचा दर घाला आणि हाच हिशेब वहीत मांडा.

गोठा तरतो तो वैरणीवर. चांगला हिरवा चारा आणि मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) असेल तर खुराक कमी करता येतो. दहा गायींना रोज २५० किलो हिरवा आणि ५० किलो सुका चारा लागतो, म्हणजे हिरवा वर्षाला ९१ टन. संकरित नेपिअर गवत पाणी-खत वेळेवर मिळाले तर एकरी ७०-८० टन देते, त्यामुळे सव्वा एकर नेपिअर हवे. उन्हाळ्यातल्या चार महिन्यांसाठी गायीला रोज १५ किलो मुरघास धरला तर १८ टन होतो, त्याला एक एकर मका. शिवाय दहा गुंठे लसूणघास. तीन एकरांतले अडीच एकर वैरणीत गेले. घरच्यांना कांदा किंवा ऊस सोडायची तयारी आहे का, हे गायी आणायच्या आधी विचारा. मे महिन्यात विहिरीला किती तास पाणी असते, हेही.

मुरघास दोन कारणांनी बिघडतो : मका कोवळा कापला जातो, किंवा दाबताना हवा राहते. दाणे चिकाच्या अवस्थेत असताना कापा, एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करा, थराथराने तुडवून दाबा आणि किमान दीड महिना हवाबंद ठेवा. उघडल्यावर आंबटगोड वास यावा. काळा पडलेला किंवा बुरशी आलेला थर गायीला घालू नका, विशेषतः गाभण गायीला.

आमचे मत असे : सुरुवात चार गायींनी करा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची गाय घ्या. विकणाऱ्याच्या गोठ्यात लागोपाठ तीन धारा समोर काढून घ्या. सकाळची धार न काढता कास तुंबवलेली असेल तर पहिली धार जास्त भरते. दुसऱ्या-तिसऱ्या धारेत खरा आकडा दिसतो. प्रत्येक सडाची पहिली चिळकांडी काळ्या कापडावर काढा. गुठळ्या दिसल्या तर तो कासदाह आहे, गाय सोडून द्या. रक्ताची ब्रुसेलोसिस तपासणी करून घ्या. या आजाराने गाय शेवटच्या महिन्यांत गाभ टाकते आणि तो माणसालाही होतो. कानातला बारा अंकी बिल्ला आणि विक्रीपावतीवरचा क्रमांक जुळला पाहिजे, नाहीतर विम्याच्या वेळी अडचण येते.

नोकरी लगेच सोडू नका. एक एकर मका पेरून मुरघास खड्ड्यात जाईपर्यंत आणि नेपिअरची पहिली कापणी येईपर्यंत चाकणलाच राहा. तेवढ्यात पीएफच्या खात्याला आधार आणि बँक जोडून घ्या. सोडताना कंत्राटदाराने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरली का ते तपासा. ती नसली की पुढे पैसे काढताना अर्ज अडकतो. पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्ड मिळते, पण ते खुराक-औषधाच्या खेळत्या भांडवलासाठी. गायी घ्यायच्या असतील तर मुदत कर्ज वेगळे मागा. दोन्ही एकाच खात्यात उचलले तर दुधाचा पगार हप्त्यात जातो आणि पोत्याला पैसे राहत नाहीत.

प्रश्न : मुलगा कृषी पदवीधर, वय २७. पाच वर्षे पुण्यात एमपीएससी करतो. पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्य नाही. दरमहा दहा हजार पाठवतो. कुठे थांबवावे? (जि. धाराशिव)

पूर्व दोनदा निघाली म्हणजे मुलगा कष्ट करतो आहे, हे आधी मान्य करा. रागाने विचारलेत तर खरे आकडे तो सांगणार नाही. त्याच्याकडून दोन्ही मुख्य परीक्षांचे गुण आणि त्याच्या प्रवर्गाची त्या वर्षीची गुणमर्यादा, एवढेच मागा. अंतर कमी होत असेल तर एक संधी जरूर द्या. वाढत असेल तर आणखी एका वर्षाने ते भरून निघेल असे आम्हाला वाटत नाही.

त्यातही परीक्षा बदलली आहे. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली : लेखी १,७५० आणि मुलाखत २७५ गुण, त्यात एका वैकल्पिक विषयाच्या दोन प्रश्नपत्रिका. पर्याय ओळखायचा सराव इथे पुरत नाही. वेळ लावून रोज उत्तरे लिहितो का, आणि ती कोणाकडून तपासून घेतो का, हे विचारा. कृषी हा वैकल्पिक विषय घेता येतो, त्याची पदवी तिथे उपयोगी पडेल.

थांबायची तारीख निकालावर ठेवू नका. जाहिराती आणि निकाल लांबतात आणि तारीखही लांबत जाते. वयावर ठेवा. एमपीएससीला खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत मुभा आहे, पण बँकांच्या कृषी अधिकारी परीक्षेची मर्यादा तीसच आहे (प्रवर्गानुसार सवलत वेगळी). म्हणजे कृषी पदवीचे सगळ्यात चांगले दार त्याच्यासाठी तीन वर्षांत बंद होते, आणि राज्यसेवेच्या नादात हीच परीक्षा पोरे सोडून देतात. यंदापासून त्याने ती द्यावीच. सोबत तलाठी, कृषी सेवक या भरत्या. लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे टंकलेखन प्रमाणपत्र लागते, ते आत्ताच काढून ठेवावे.

पुण्यातली खोली ही अट नाही. शिकवणी संपलेली असेल तर जिल्ह्याच्या गावी अभ्यासिकेत बसून तोच अभ्यास निम्म्या खर्चात होतो. वाचलेल्या पैशात त्याला चांगली उत्तर-तपासणीची मालिका लावून द्या.

प्रश्न : बीकॉम झालो आहे. गावच्या बाजारात कृषी सेवा केंद्र टाकायचे आहे. परवाना मिळेल का? (जि. जालना)

परवाने तीन आहेत : बियाणे, खते, कीटकनाशके. तिघांचे कायदे वेगळे. बियाण्यांच्या परवान्याला पदवीची अट नाही. खतांसाठी कृषी किंवा रसायनशास्त्राचे शिक्षण नसेल तर पंधरा दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो, तो कृषी विज्ञान केंद्रांत होतो. कीटकनाशकांना मात्र कृषी किंवा ठरवून दिलेल्या विज्ञान विषयांची पदवी, नाहीतर कृषीची एक वर्षाची पदविका लागते. बीकॉम त्यात बसत नाही. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा 'देसी' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम निविष्ठा (बियाणे, खते, औषधे) विक्रेत्यांसाठीच आहे. त्याची तुकडी तुमच्या जिल्ह्यात कुठे चालते, हे 'आत्मा'च्या (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात विचारा. दुसऱ्याची पदवी भिंतीला लावून स्वतः औषध विकू नका. तपासणीत ते उघडे पडते, आणि चुकीच्या औषधाने कोणाचे पीक जळले तर जबाबदारी परवान्यावरच येते.

दुकान बुडते ते उधारीने. जूनमध्ये दिलेल्या मालाचे पैसे कापूस-सोयाबीन विकल्यावर येतात आणि घाऊक व्यापारी महिन्या-दीड महिन्यात मागतो. मधले पाच महिने कोणाच्या पैशावर काढायचे, याचे उत्तर नसेल तर पहिला खरीप रोखीवरच करा आणि माल कमी ठेवा. दुसरे कारण मुदतबाह्य औषधे. मागची बाटली मागेच राहते, म्हणून लॉट नंबर आणि मुदतीची तारीख दर महिन्याला वहीत तपासा. बिलावर लॉट नंबर लिहिणे आणि साठा-दराचा फलक अद्ययावत ठेवणे एवढे केले तरी तपासणीतले बहुतेक शेरे टळतात. अनुदानित खत पॉस (विक्री नोंदवणाऱ्या) यंत्रावर आधार घेऊनच विका. यंत्रातला आणि गोदामातला साठा जुळला नाही तर परवाना निलंबित होतो.

प्रश्न : मुलाला दहावीला ५२ टक्के. दिवसभर ट्रॅक्टर नाहीतर मोटारीपाशी असतो. डिप्लोमा की आयटीआय? (जि. सोलापूर)

आयटीआय, आणि तेही दोन वर्षांचा ट्रेड : इलेक्ट्रिशियन, वायरमन किंवा फिटर. ट्रॅक्टर आणि डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे आहेत. दोन वर्षांचा ट्रेड केला की पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, एका वर्षाच्या ट्रेडला ती सोय नाही. आयटीआयनंतर वर्षभर शिकाऊ उमेदवारी करू द्या, मग दुकान.

गावात काम भरपूर आहे. मोटार जळते ती एक फेज गेल्याने, दाब कमी असल्याने किंवा पाणी उतरून कोरडी चालल्याने. जादा भार आला की मोटार बंद करणारा स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून तो काढून मोटार डायरेक्ट जोडली जाते आणि चार दिवसांत वाइंडिंग जाते. मोटारीच्या प्लेटवरचा अँपिअर वाचून रिले त्यावर लावणारा आणि क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज मोजून दाखवणारा पोरगा असेल, तर त्याला गिऱ्हाईक शोधत येते.

प्रश्न : मी कृषी पदविका केली आहे, हळद पावडरचा उद्योग करायचा आहे. भाऊ म्हणतो, आधी हक्कसोडपत्र कर, मग घरचे भांडवल देतो. काय करू? (एक वाचक भगिनी, जि. हिंगोली)

हक्कसोडपत्र करू नका. भांडवल आणि वारसाहक्क हे दोन वेगळे विषय आहेत, ते एकत्र बांधू देऊ नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे. त्या वेळी वडील हयात असायला हवेत ही अट लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नंतर फिरवणे जवळपास अशक्य असते. भांडण नको असेल तर भावाला दुसरा मार्ग सुचवा : घराजवळच्या दोन गुंठ्यांचा तुमच्या नावे नोंदणीकृत भाडेकरार. मुदत कर्जफेडीपेक्षा मोठी ठेवा, कारण बँक तेच पाहते.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान आहे, स्वतःचे किमान दहा टक्के घालावे लागतात. हे अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत वेगळे ठेवले जाते आणि खाते सुरळीत, उद्योग चालू असेल तर तीन वर्षांनी कर्जात वळते होते. तोपर्यंतचे हप्ते तुम्हालाच भरायचे आहेत. योजनेचे चालू वर्षाचे अर्ज सुरू आहेत का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून मगच यंत्रांची कोटेशन्स घ्या. मंजुरीआधी यंत्र घेतले तर ते अनुदानात धरत नाहीत.

पहिल्या वर्षी यंत्रापेक्षा मालावर लक्ष द्या. एक क्विंटल ओल्या हळदीची शिजवून, वाळवून वीस-पंचवीस किलो होते, खरेदीचा दर त्यावरून काढा. हळकुंड मोडल्यावर खणखणीत आवाज येईपर्यंत, म्हणजे ओलावा दहा टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत वाळवा. त्याआधी दळली तर पाकिटात गोळे धरतात आणि बुरशी येते. गिरणी सलग चालवली की तापते आणि वास उडतो, म्हणून थांबून थांबून दळा, आणि पावडर पूर्ण थंड झाल्यावरच पाकीट बंद करा.